जवळचा माणूस आयसीयूत असताना डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्याला येणारा-जाणारा सांगतो, "धीर सोडू नका." तो धरायचा कसा, हे सहसा कुणी सांगत नाही. आधी वडिलांच्या आणि नंतर सासूबाईंच्या आजारपणात मी त्या बाकावर बरेच दिवस काढले. तिथे जे कळलं ते क्रमाने मांडते आहे. तुमच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली असेल, तर निदान गोंधळ तरी कमी होईल.

सुरुवातीलाच एक सांगते. भीती वाटणारच, रडू येणारच, आणि ते दाबून टाकायची गरज नाही. आपल्या हातात एवढंच असतं की भीतीच्या भरात घ्यावे लागणारे निर्णय कमी करायचे. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं त्यासाठीच आहे.

१. कॅज्युअल्टीत पोचल्यावर: तीन गोष्टी सांगा आणि बाजूला व्हा

पहिल्या तासात तुम्हाला फारसा विचार करायचा नसतो, नेमकी माहिती द्यायची असते. त्रास कधी सुरू झाला, रोजची औषधं कोणती, आणि जुने आजार किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. यातली वेळ सगळ्यात महत्त्वाची. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून "सकाळपासून बरं नव्हतं" असं मोघम सांगू नका. "साडेसातला चहा घेतला तेव्हा नीट बोलत होते, आठला तोंड वाकडं दिसलं" असं सांगा. झोपेतून उठतानाच त्रास दिसला असेल, तर रात्री शेवटचं नीट कधी पाहिलं ती वेळ सांगा.

डिपॉझिट भरल्याशिवाय हात लावणार नाही, असं कुणी म्हणालं तर आवाज न चढवता म्हणा, "पैशांची सोय करतोय, तोवर प्राथमिक उपचार सुरू करा." जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार करणं हे सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. कायदा आपल्या बाजूने आहे हे माहीत असलं की ओरडायची वेळ कमी येते.

२. एक पिशवी आणि एक वही

शक्य असेल तर ही पिशवी आजारपणाची वाट न बघता आजच भरून ठेवा. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर नक्कीच.

- रुग्णाचं आणि तुमचं आधारकार्ड, प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स
- रेशनकार्ड, मूळ आणि झेरॉक्स
- विम्याचं कार्ड किंवा पॉलिसीची प्रत. कार्यालयाकडून विमा असेल तर एचआरचा नंबर
- जुने रिपोर्ट, आधीचं डिस्चार्ज कार्ड, ईसीजी
- चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं पाठ नसतात आणि घाईत चुकतात, म्हणून पट्ट्याच न्या)
- तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, असेल तर
- चार्जर, पेन, पातळ चादर, स्वेटर (आयसीयूबाहेरच्या जागाही पुष्कळदा गार असतात)
- दोनशे पानी वही

या यादीत मी वहीला सर्वात वर ठेवेन. डॉक्टर काय म्हणाले, कोणत्या वेळी म्हणाले, कोणती तपासणी झाली, कुठे किती पैसे भरले, सगळं तारखेसह तिच्यात जाऊ द्या. ताणात कानावर पडलेलं मन हवं तसं वळवून घेतं. डॉक्टर म्हणतात, "आज थोडा फरक आहे, पण अजून सांगता येत नाही." एक भाऊ ऐकतो "फरक आहे", दुसरा ऐकतो "सांगता येत नाही", आणि संध्याकाळी दोघांचं वाजतं. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे लिहिलेले असले की हे भांडण होत नाही.

३. कामं वाटा, आणि बोलायला एकच माणूस ठेवा

डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच असावा. तो वयाने मोठा असायची किंवा रुग्णाचा सगळ्यात लाडका असायची गरज नाही. ज्याला वाईट बातमी शेवटपर्यंत ऐकून घेता येते आणि मग प्रश्न विचारता येतो, तो निवडा. आमच्याकडे हे काम धाकट्या जावेने केलं आणि उत्तम केलं. ज्येष्ठांचा मान राहावा म्हणून बातमी आधी मोठ्या काकांच्या कानावर घालायची, मग इतरांना, असं ठरवून टाकलं की रुसवेफुगवेही टळतात.

दुसरा माणूस पैसे आणि कागद बघेल. तिसरा मेडिकलमध्ये, रक्तपेढीत, लॅबमध्ये धावेल. चौथा घर सांभाळेल: मुलांच्या शाळा, आजीच्या गोळ्या, येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा. घर सांभाळणाऱ्याचं काम दिसत नाही, पण तो कोलमडला की बाकीचे तिघेही कोलमडतात.

नातेवाइकांचे फोन ही एक वेगळीच परीक्षा असते. प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची म्हणजे तेच दुःख पुन्हा पुन्हा भोगायचं. व्हॉट्सॲपवर एक गट करा, सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा निरोप टाका, आणि मधल्या वेळी फोन न उचलण्याची मुभा स्वतःला द्या. अमेरिकेतल्या भावाला बोलायचं असेल तर वेळ ठरवून घ्या. आपले संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधले सकाळचे साडेनऊ. दूर असलेल्या माणसाची तगमग खरी असते. त्याला वहीच्या पानांचे फोटो रोज पाठवा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

४. सहीआधी विचारा: "आपल्याकडे किती वेळ आहे?"

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर हा प्रश्न राहू द्या.

आयसीयूचं दार उघडतं, सिस्टर हाक मारतात, "पेशंटचे नातेवाईक कोण?", समोर कागद येतो, "इथे सही करा." छाती धडधडत असते. त्या क्षणी माणूस दोनच गोष्टी करतो: न वाचता सही, नाहीतर घाबरून नकार. दोन्ही टाळायच्या असतील तर विचारा, "डॉक्टर, हा निर्णय किती वेळात घ्यायचा आहे? मिनिटांत, तासांत की उद्यापर्यंत?"

काही निर्णय खरोखर मिनिटांचे असतात. श्वास थांबत आला आहे आणि घशात नळी घालायची आहे, हृदयविकाराचा मोठा झटका आहे आणि अँजिओप्लास्टी करायची आहे, पोटात रक्तस्राव होतो आहे. अशा वेळी डॉक्टर "आत्ता" म्हणतील. तिथे काकांना फोन लावत बसू नका, सही करा. हृदयविकारात रुग्णालयात पोचल्यापासून साधारण ९० मिनिटांत बंद पडलेली रक्तवाहिनी उघडावी असं उद्दिष्ट ठेवलेलं असतं. त्यातली वीस मिनिटं घरच्यांच्या चर्चेत जाणं महागात पडतं.

पण बरेचसे निर्णय तसे नसतात. ट्रेकिओस्टॉमीचं उदाहरण घ्या. रुग्ण बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिला की डॉक्टर गळ्याला छोटं छिद्र करून तिथून नळी बसवायचं सुचवतात. "गळ्याला भोक" हे शब्द ऐकले की घर हादरतं. प्रत्यक्षात तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवली तर स्वरयंत्राला इजा होऊ शकते. गळ्यातल्या नळीमुळे तोंड स्वच्छ ठेवता येतं, झोपेची औषधं कमी करता येतात, कफ काढणं सोपं जातं, आणि रुग्ण सुधारला की नळी काढल्यावर ते छिद्र बहुधा आपोआप भरून येतं. या निर्णयासाठी सहसा एखादा दिवस तरी मिळतो. तेवढ्या वेळात घरच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवता येतात, दुसरं मत घेता येतं. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत तो नोंदवलेला आहे. विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

वेळ कळला की आणखी तीन प्रश्न विचारा. हे केलं तर काय फायदा अपेक्षित आहे? नाही केलं तर काय होईल? याला दुसरा पर्याय आहे का? उत्तरं वहीत लिहा. चार ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि लिहिता लिहिता हाताचा कंप कमी होतो. हे मी स्वतः अनुभवलं आहे.

५. राउंडच्या वेळी काय विचारावं

"कसे आहेत?" या प्रश्नाला "क्रिटिकल पण स्टेबल" याहून वेगळं उत्तर क्वचितच मिळतं, आणि त्याने काळजी कमी होत नाही. त्याऐवजी कालच्या तुलनेत आज काय, ते विचारा.

व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के ठेवला आहे? आपण श्वासात घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. काल ८० टक्के लागत होता आणि आज ५० टक्क्यांवर भागतंय, तर फुप्फुसं काही अंशी सावरत आहेत. रक्तदाब टिकवायला औषध चालू आहे का, आणि त्याचा डोस वाढला की कमी झाला? चोवीस तासांत लघवी किती झाली? शुद्ध कशी आहे? शुद्धीसाठी ग्लासगो कोमा स्केल नावाची मोजपट्टी वापरतात, ३ ते १५ अशी. ३ म्हणजे काहीच प्रतिसाद नाही, १५ म्हणजे पूर्ण शुद्ध. मात्र झोपेची औषधं चालू असतील किंवा घशात नळी असेल तर हा आकडा नुसताच धरून बसू नका, त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

एका दिवसाच्या आकड्यावर हसू किंवा रडू नका. तीन दिवसांचे आकडे एकाखाली एक लिहा, मग दिशा दिसते. सकाळी सुधारणा, दुपारी ताप, रात्री पुन्हा बरं, असं आयसीयूत नेहमी होतं. प्रत्येक वळणावर मन त्याच्याबरोबर फिरू लागलं तर दोन दिवसांत माणूस थकून जातो.

आत भेटायला सोडलं की मॉनिटरकडे बघत बसू नका. त्याचा गजर पुष्कळदा बोटावरची क्लिप सरकल्यानेही वाजतो. सिस्टर धावत आल्या नाहीत, तर त्यांना तो आवाज ओळखीचा आहे असं समजा. तुमच्याकडे पाच मिनिटं असतात. ती रुग्णाचा हात धरण्यात, त्याच्याशी बोलण्यात घालवा. रुग्ण डोळे उघडत नसला तरी नाव घेऊन हाक मारा, कोण आलंय ते सांगा, आज वार कोणता ते सांगा.

आणि व्हेंटिलेटरबद्दल एक. "व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे संपलं" हे वाक्य बाकावर बसलेलं कुणीतरी हमखास ऐकवतं. न्यूमोनिया, विषबाधा, सर्पदंश, मोठी शस्त्रक्रिया, अशा कितीतरी कारणांनी माणसं व्हेंटिलेटरवर जातात आणि उतरून घरी येतात. तुमच्या रुग्णाबद्दल काय ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ऐका.

६. स्वतःच्या शरीराकडे बघा

याला चैन समजू नका. सतरा ते एकोणीस तास सलग जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची गती आणि अचूकपणा मद्य घेतलेल्या माणसासारखा खालावतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. अशा अवस्थेत तुम्ही गाडी चालवू नये, तसाच शस्त्रक्रियेचा निर्णयही घेऊ नये. म्हणून रात्रीची पाळी लावा. ज्याने रात्र काढली त्याने सकाळी घरी जाऊन झोपायचंच, "मी ठीक आहे" म्हटलं तरी.

तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तुमच्या गोळ्या त्याच पिशवीत ठेवा. बाकावर चक्कर येऊन पडलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. उपाशी राहून रुग्णाला बळ मिळत नाही. डबा आणणाऱ्याला नाही म्हणू नका, आणि चहावर दिवस काढू नका. त्याने धडधड वाढते.

डॉक्टरांना भेटायला आत जाण्यापूर्वी दोन मिनिटं असं करा: चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत सावकाश सोडा. उच्छ्वास लांबला की नाडीचे ठोके थोडे उतरतात. दहा-बारा वेळा केलं की आवाज स्थिर होतो आणि समोरचा काय म्हणतो ते ऐकू येऊ लागतं. रडू येत असेल तर आधी रडून घ्या. जिन्यात, गाडीत, देवळात, जिथे जमेल तिथे. डोळे पुसून आत जाणं सोपं असतं, अडवलेलं रडू घेऊन जाणं अवघड.

७. राग कुठे न्यायचा

दुःखापेक्षा राग लवकर बाहेर येतो. कधी राग रास्तही असतो. तीन तास कुणी काही सांगत नाही, एका रिपोर्टसाठी चार खिडक्या फिरवतात, बिलात न समजणाऱ्या ओळी असतात. तरीही वॉर्डातल्या सिस्टरवर, मावशींवर किंवा रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरवर तो काढू नका. तुमच्या रुग्णाची कूस रात्री तीन वाजता तीच माणसं बदलतात.

हात उगारला किंवा तोडफोड केली तर महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे. गर्दी जमवणारे "आपली माणसं" दुसऱ्या दिवशी कोर्टात तुमच्याबरोबर नसतात.

तक्रार खरी असेल तर ती लिहून द्या. आधी उपचार करणारे डॉक्टर, मग वैद्यकीय अधीक्षक, आणि पोच घ्या. केसपेपरच्या प्रती मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत म्हटलं आहे. कारणीभूत कोण हे ठरवायला पुढे भरपूर वेळ असतो, आणि तेव्हा कागद बोलतात. आज रुग्ण आत आहे.

८. पैसे: आकडा जितका स्पष्ट, भीती तितकी कमी

बिलाबद्दल पहिल्याच दिवशी विचारा. त्यात कमीपणा नाही. "रोजचा अंदाजे खर्च किती?" आणि "अंतरिम बिल रोज द्याल का?" एवढं पुरे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठराविक उपचारांचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) बसतात, त्यांना गाठा. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. आणीबाणीत फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोयही आहे. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी समाजसेवा अधीक्षकांना भेटा, उत्पन्नाचा दाखला तिथेच लागतो.

खाजगी विमा असेल तर रुग्णालयातल्या टीपीए डेस्कला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या खिडकीला) लगेच कळवा. विमा नियामकाच्या २०२४ च्या सूचनांनुसार कॅशलेसची (विमा कंपनीने बिल थेट रुग्णालयाला भरण्याची) मागणी आल्यावर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. यूपीआयवर एरवी दिवसाला लाखाची मर्यादा असली, तरी रुग्णालयाच्या बिलासाठी ती पाच लाखांपर्यंत आहे. तुमच्या बँकेची मर्यादा मात्र आधी तपासा.

एक सापळा इथे नक्की सांगायला हवा. फोन येतो, "मी हॉस्पिटलमधून डॉक्टर बोलतोय, तातडीने इंजेक्शन मागवायचं आहे, या नंबरवर पैसे पाठवा." रुग्णाचं नाव बरोबर सांगतात, म्हणून माणूस फसतो. पैसे फक्त रुग्णालयाच्या काउंटरवर भरायचे आणि पावती घ्यायची, हा नियम चौघांनीही पाळा. गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. रक्त मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यालाही दूर ठेवा. पैसे घेऊन रक्तदान करण्यावर १९९८ पासून बंदी आहे.

९. "दुसरीकडे हलवू या" असं कुणी म्हणालं तर

कुणीतरी म्हणणारच. हेतू चांगला असतो. पण गंभीर रुग्णाला हलवणं हाच एक धोका असतो. दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय होकार देऊ नका: तिथे जे होईल ते इथे होत नाही असं नेमकं काय आहे? आणि हा प्रवास रुग्णाला झेपेल असं सध्याचे डॉक्टर म्हणतात का? हलवायचं ठरलं तर तिथल्या डॉक्टरांनी रुग्ण स्वीकारल्याचं आणि बेड राखल्याचं पक्कं करा, व्हेंटिलेटर आणि सोबत डॉक्टर असलेली ॲम्ब्युलन्स घ्या, आणि संदर्भचिठ्ठीसह सगळे रिपोर्ट बरोबर ठेवा.

कधी कधी डॉक्टरच सांगतात की आता उपचारांचा उपयोग होत नाही. हे बोलणं व्हरांड्यात उभ्याने ऐकू नका. बसायला जागा मागा, घरातल्या दोघांना बरोबर घ्या. जीव टिकवून धरणारे कृत्रिम उपचार थांबवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मार्ग घालून दिला आणि २०२३ साली तो सोपा केला. त्यात आधी एक आणि नंतर दुसरं वैद्यकीय मंडळ रुग्णाची स्थिती तपासतं. म्हणजे हा निर्णय तुमच्या एकट्याच्या सहीवर उभा नसतो. रुग्णाने चांगलं असताना "मला नळ्यांमध्ये ठेवू नका" असं काही म्हटलं असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. तुम्हाला काय हवं यापेक्षा त्याला काय हवं असतं, असा विचार केला की वाट थोडी स्पष्ट होते.

१०. घरी आल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी घाईत निघू नका. कोणती जुनी औषधं बंद, कोणती नवी चालू, पुन्हा कधी दाखवायचं आणि कोणत्या लक्षणांवर लगेच परत यायचं, हे सिस्टरांबरोबर बसून वहीत लिहून घ्या. विम्यासाठी मूळ बिलं, औषधांच्या पावत्या आणि सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट मोजून घ्या. मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढा.

आयसीयूतून आलेल्या माणसाला काही आठवडे विचित्र स्वप्नं पडणं, विसरायला होणं, चिडचीड होणं हे बऱ्याचदा दिसतं. ते फॉलो-अपला डॉक्टरांच्या कानावर घाला. तुम्हालाही फोन वाजला की दचकायला होईल, झोप उडेल, आणि तोवर आवरून धरलेलं रडू घर शांत झाल्यावर येईल. ते येऊ द्या. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल किंवा कामात लक्ष लागत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.